७२ ची सी-१० खाली बसवताना

माझी शेवरोले सी-१० पिकअप १९७२ ची. टेक्ससमधल्या घरच्या गॅरेजात ती पुढून अडीच, मागून चार इंच खाली घेतली.

स्प्रिंगा कापू नका, गाडी खड्ड्यात दाणकन आपटते. पुढे ड्रॉप स्पिंडल लावा, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, पण चाकाची जागा वर घेतलेला. स्प्रिंग तीच राहते, चाक तेवढं वर सरकतं. १९७१ आधीची ड्रमवाली गाडी असेल तर डिस्क ब्रेकचाही खर्च धरा.

चाक धरणाऱ्या खालच्या आर्मखाली जॅक टेकवल्याशिवाय बॉल जॉइंटला (आर्म आणि स्पिंडल जोडणाऱ्या सांध्याला) हात लावायचा नाही. आत दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाईल. नट अडवणारी कॉटर पिन काढा, नट दोन-तीन आटेच सैल करा, मग स्पिंडलवर बाजूने हातोडा घाला. माझा जॉइंट सातव्या ठोक्याला ‘टक्’ करून सुटला, तोवर बायको दोनदा चहा घेऊन परत गेली.

मागे सोपं आहे. चेसी स्टँडवर, एक्सल जॅकवर. शॉक ॲब्सॉर्बर काढा, ब्रेकचा होज ताणला जात नाही ना बघत एक्सल उतरवा, स्प्रिंगा बदला. शॉक आखूडच हवेत. एक्सल थोडा बाजूला सरकतो, म्हणून ॲडजस्टेबल पॅनहार्ड बार (एक्सलला मधोमध धरणारा आडवा दांडा) घ्या. मी आधी घेतला नव्हता. एका बाजूचं टायर फेंडरला घासायचं.

शेवटी चाकांचं अलाइनमेंट.