नव्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा जाताना

उद्घाटनाच्या आठवड्यात धावू नका. स्वयंपाकघर आणि वाढणारी मंडळी यांचा मेळ बसायला थोडे दिवस लागतात आणि तोवर मेन्यूही बदलत असतो. महिनाभराने, आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दीच्या तासभर आधीचं टेबल फोन करून राखून ठेवा. जागा निवांत मिळते आणि वेटरलाही बोलायला फुरसत असते.

खरी मेख मेन्यूबाहेरच्या पदार्थांत. ‘आज खास अमुक आहे’ असं वेटर रंगवून सांगतो, किंमत मात्र सांगत नाही. तिथल्या तिथे विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, लाज बिल आल्यावर वाटते! टेबलावर न मागता आलेलं बाटलीबंद पाणी किंवा तोंडी लावणं फुकट आहे का, हेही झाकण उघडण्याआधी विचारून घ्या.

अशा ठिकाणी ताट मोठं आणि घास छोटा असू शकतो. म्हणून एक पदार्थ किती जणांना पुरेल ते विचारून आधी दोनच मागवा, आवडलं तर पुढचे. बिलात सेवाशुल्क आधीच धरलंय का ते बघा, नाहीतर टीप दोनदा जाते.