अण्णांची ट्रंक: जुन्या टपाल तिकिटांची किंमत कशी काढावी

अण्णा फोर्टातल्या एका विमा कंपनीत आवक-जावक सांभाळायचे. देशोदेशीची पाकिटं त्यांच्या टेबलावरून जायची आणि संध्याकाळी तिकिटं त्यांच्या खिशातून घरी यायची. ते गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. आत चार स्टॉकबुकं (तिकिटं खोचून ठेवायच्या पट्ट्यांच्या वह्या), तिकिटांनी भरलेले बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे आणि सुतळीनं बांधलेला आजीच्या पत्रांचा गठ्ठा. भावाचा पहिला प्रश्न, "याचे येतील किती?"

मी हौसेनं सुरुवात केली ती नेमकी गठ्ठ्यापासून. आजीचं माहेर परभणीचं, आजोबा औरंगाबादला. पाकिटांवर निजामाची तिकिटं होती, चारमिनारच्या चित्राची, आण्याचा आकडा उर्दू, तेलुगू, मराठीतसुद्धा लिहिलेला. मी कोपरे कातरले, कोमट पाण्यात भिजवले, तिकिटं टिपकागदावर वाळवली. महिन्याभरानं जुने संग्राहक असलेले शेजारचे काका आले आणि म्हणाले, "पाकिटं कुठायत?" पाकिटं रद्दीत गेली होती. सुटं चारमिनार कुठेही मिळतं. पण ही तिकिटं संस्थानाबाहेर चालत नसत, त्यामुळे लहान गावाचा स्पष्ट शिक्का असलेलं अख्खं पाकीट शोधणारे लोक असतात, आणि तो शिक्का मी अर्धा कापला होता.

तेव्हा आधी कात्री कपाटात ठेवा. पाकीट, पोस्टकार्ड, मनीऑर्डरची पावती, सगळं जसंच्या तसं राहू द्या. सुट्या तिकिटांना बोटं लावू नका, चपट्या टोकाचा चिमटा घ्या. डिंक शाबूत असलेलं कोरं तिकीट पाण्यात घालणं म्हणजे त्याची किंमत धुऊन टाकणं.

मग वाटण्या करा. परदेशी तिकिटं लवकर उरकतात. मग्यार म्हणजे हंगेरी, हेल्व्हेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड. देशाचं नावच नाही, नुसतं राणीचं डोकं आहे, तर ब्रिटन. आमच्या डब्यांत निम्मं मग्यार पोस्टा निघालं! फुलं, फुलपाखरं, अंतराळवीर. कोपऱ्यात नेटका शिक्का आणि मागे डिंक तसाच असेल, तर ते तिकीट पत्रावर कधी बसलंच नाही. छापून, शिक्का मारून थेट संग्राहकांना विकलेलं. अजमान, फुजैरा या आखाती अमिरातींच्या मोठ्या रंगीत तिकिटांचंही बहुतेक तेच. ही मुलांना वाटा.

वेळ द्यायचा तो भारतीय तिकिटांना. व्हिक्टोरियाच्या डोक्याभोवती 'ईस्ट इंडिया' असेल तर ते सहसा 1882 च्या आधीचं, नुसतं 'इंडिया' असेल तर नंतरचं. अर्ध्या आण्याची हिरवी व्हिक्टोरिया पाहून हुरळू नका, ती पोत्यानं आहे. 1854 च्या तिकिटांना दातेरी कडा नव्हत्या, लोक कात्रीनं कापून लावत. म्हणून चारही बाजूंना समास शिल्लक आहे का, हे आधी बघायचं. 1852 च्या गोल सिंध डाकची, म्हणजे सिंध प्रांताच्या जुन्या तिकिटाची, स्वप्नं सगळ्यांना पडतात, पण घरच्या ट्रंकेत निघालं तर बहुधा नक्कल असते.

भिंगाची गंमत सांगते. 1949 च्या मालिकेत एक आण्यावर बोधिसत्त्व आहे. छापताना मूर्ती उलटी गेली, डावा हात पुढे आला. 1950 मध्ये चूक सुधारून उजवा हात पुढे असलेलं तिकीट निघालं. अण्णांनी दोन्ही एकाच खणात कोंबली होती, म्हणजे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. भारताच्या नकाशाची नव्या पैशांची तिकिटंही अशीच जुळी. 1957 च्या कागदात ताऱ्यांचं जलचिन्ह (कागद बनवतानाच उमटवलेली खूण), 1958 पासूनच्या कागदात अशोकस्तंभाचं. काळ्या टाइलवर तिकीट उपडं ठेवायचं, लायटरच्या पेट्रोलचा एक थेंब टाकायचा, चिन्ह दिसतं. खिडकी उघडी ठेवा आणि गॅस बंद. व्हिक्टोरियावर मात्र पेट्रोलचा प्रयोग नको.

गांधीजींची 15 ऑगस्ट 1948 ची चार तिकिटं सगळेच विचारतात. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, छपाई स्वित्झर्लंडची. पहिली तीन आमच्याकडे आहेत. दहा रुपयांच्या जागी अण्णांनी पेन्सिलीनं चौकोन आखून ठेवलाय. तेव्हा एका तिकिटावर दहा रुपये घालायची कुणाची छाती! म्हणूनच ते महाग आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला भरपूर. तुमच्याकडे निघालं तर जाणकाराला दाखवल्याशिवाय सौदा करू नका.

आता भाव. स्टॅनली गिबन्स या इंग्लंडच्या तिकिटविक्रेत्या कंपनीच्या कॅटलॉगात छापलेली किंमत दुकानदाराची विक्रीची असते, तीही निर्दोष तिकिटाची. आमच्या स्टॉकबुकांना मुंबईच्या पावसाळ्यांनी तांबूस ठिपके दिलेत, काही तिकिटं पानालाच चिकटलीत. अशी तिकिटं मी हिशेबात धरलीच नाहीत. उरलेल्यांना कॅटलॉगच्या पाव किमतीएवढं मिळालं की मी खूश होते. इंटरनेटवर कुणी लाख मागतो म्हणून लाख येत नाहीत. ईबेवर 'विकलेल्या' वस्तूंची यादी वेगळी बघता येते, खरा भाव तिथे कळतो.

एका दुकानदारानं न मोजता सगळ्या ट्रंकेचे दोन हजार सांगितले आणि "आल्बम ठेवून जा, बघतो" म्हणाला. ठेवून जाऊ नका. प्रत्येक पानाचा फोटो काढा, तीन जणांना दाखवा, चांगली वीस-पंचवीस तिकिटं वेगळी विका. डबे मी किलोवर दिले, अशी तिकिटं वजनावर घेणारे असतात. शेवटी भावाच्या वाट्याला सहा हजार चारशे आले. त्यानं त्यातून दहा रुपयांच्या गांधीची चौकशी केली, आकडा ऐकला आणि फोन ठेवून दिला.