युरोपात फ्लॅट घेऊन राहायचं तर: बेळगावच्या मैत्रिणींसाठी

आमच्या सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत आणि यांना शुगर आहे. त्यामुळे युरोपात गेलो की आम्ही हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेला फ्लॅटच घेतो. आता शहापूर, टिळकवाडीतल्या मैत्रिणी जाण्याआधी मलाच विचारतात, ‘वहिनी, कसं काय करायचं?’ म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

एका गावात तीन रात्री तरी राहणार असाल तरच फ्लॅट बघा. साफसफाईचे पैसे एकदाच आणि ठरलेले असतात. एका रात्रीसाठी ते अंगावर येतात. भाड्याचा आकडा पाहून ठरवू नका, साफसफाई आणि पर्यटक कर धरून शेवटचा आकडा बघा. ॲमस्टरडॅमला हा कर साडेबारा टक्के आहे, म्हणजे लहान रक्कम नव्हे.

जाहिरातीत सगळ्यात आधी नोंदणी क्रमांक शोधा, म्हणजे फ्लॅट पर्यटकांना द्यायची सरकारदरबारी नोंद असल्याचा आकडा. इटलीत २०२५ पासून प्रत्येक फ्लॅटला ‘सीआयएन’ नावाचा राष्ट्रीय क्रमांक लागतो. पॅरिसमध्ये मालकाला स्वतःचं राहतं घर वर्षात ९० दिवसच पर्यटकांना देता येतं. आधी १२० दिवस देता यायचं. बार्सिलोनाच्या महापालिकेनं तर २०२४ मध्ये जाहीर केलं, की २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांच्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने संपवायचे. तिथल्या लोकांना राहायला घरं मिळेनात, भाडी परवडेनात, म्हणून हे सगळं चाललंय आणि मला ते पटतं. क्रमांक नसलेला फ्लॅट कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका. ऐनवेळी बुकिंग रद्द झालं तर म्हाताऱ्या माणसाला घेऊन परक्या गावात कुठं फिरणार?

मालक पासपोर्टची माहिती मागतो, त्याला घाबरू नका. इटलीत आलेल्या पाहुण्याची नोंद २४ तासांत पोलिसांकडे द्यावीच लागते, स्पेनमध्येही नोंद करावी लागते. पैसे मात्र ज्या ॲपवर बुकिंग केलं तिथंच भरा. ‘थेट बँकेत पाठवा, स्वस्तात देतो’ असं कोणी म्हटलं की तिथंच बोलणं थांबवा.

घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर पुढचं नीट वाचा. जुन्या इमारतींना बऱ्याचदा लिफ्ट नसते. मजले बहुतेक ठिकाणी आपल्यासारखेच मोजतात, तळमजला शून्य. पण बार्सिलोनाच्या जुन्या इमारतींत पहिल्या मजल्याच्या आधी ‘एन्त्रेसुएलो’ आणि ‘प्रिन्सिपाल’ असे आणखी मजले निघतात, म्हणजे ‘पहिला’ म्हणून घेतलेला फ्लॅट आपल्या हिशेबानं तिसरा ठरू शकतो. म्हणून मालकाला मजला विचारू नका. रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत आणि लिफ्टमध्ये एक माणूस बॅगेसकट मावतो का, ते विचारा. न्हाणीघराचा फोटो मोठा करून बघा. उंच काठाच्या टबात पाय टाकून उभं राहणं सासूबाईंना जमत नाही, म्हणून मी खाली सपाट शॉवर असलेलाच फ्लॅट निवडते. टॉयलेटला जेट नसतो, एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. गरम पाण्याची टाकी लहान असते. चौघांनी लागोपाठ आंघोळ केली तर शेवटच्याला गार पाणी.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद लागतो. बुकिंगवर सगळ्यांची नावं घालून घ्या, आणि व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द होणारंच बुकिंग ठेवा. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. आपल्याकडे आणखी एक भानगड असते: २०१४ आधीच्या कागदांवर ‘बेळगाम’ आणि नंतरच्यांवर ‘बेळगावी’. फॉर्मवर जन्मगाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं लिहा. व्हिसासाठी बंगळूरची अपॉइंटमेंट असेल तर रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली की सकाळी पोचता.

आता स्वयंपाक. शेगडी बहुतेक ठिकाणी विजेची, पुष्कळदा इंडक्शन. ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही. इंडक्शनच्या बुडाचा लहान स्टीलचा कुकर चेक-इनच्या बॅगेत न्या. घरचा सपाट बुडाचा लोखंडी तवा चालतो, त्यावर ज्वारीची भाकरी होते. फोडणी देताना खिडकी उघडा, धुराचा अलार्म फार पटकन वाजतो. संकेश्वरी मिरचीचं तिखट, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, मेतकूट, पोहे एवढं बरोबर असलं की पुरतं. तांदूळ-डाळ तिथं मिळते. आपला दुधाचा कुंदा आणि तूप मात्र घरीच ठेवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ नेऊ देत नाहीत, जप्त करतात. भाच्यासाठी कुंदा न्यायची कितीही इच्छा असली तरी नको.

जर्मनी, ऑस्ट्रियाला रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा भाजी-दूध शनिवारीच आणा. जर्मनीत रात्री दहानंतर शांतता पाळतात. भिंतीपलीकडे सकाळी कामाला जाणारी माणसं झोपलेली असतात. मिक्सर, वॉशिंग मशीन, व्हिडिओ कॉलवरच्या मोठ्या गप्पा दहाच्या आत उरकून घ्या. कचरा वेगवेगळा टाकायचा, कुठल्या डब्यात काय ते पहिल्याच दिवशी मालकाला विचारा. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या फेकू नका. जर्मनीत सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातल्या की बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात.

दाराबाबत घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा. बऱ्याच फ्लॅटचं दार ओढलं की आपोआप बंद होतं आणि बाहेरची मूठ फिरत नाही. कचरा टाकायला दोन मिनिटं जायचं असलं तरी चावी हातात हवी. रात्री आतून चावी कुलपात अडकवून ठेवली तर पुष्कळ कुलपं बाहेरून दुसऱ्या चावीनं उघडत नाहीत.

निघायच्या दिवशी फ्लॅट सकाळी दहा-अकराला सोडावा लागतो, आणि आपलं विमान पुष्कळदा रात्रीचं. बॅगा संध्याकाळपर्यंत ठेवता येतील का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. मालक नाही म्हणाला तर मोठ्या रेल्वे स्टेशनांवर लॉकर असतात. बाहेर पडण्याआधी खोल्यांचे आणि ठेवलेल्या चावीचे फोटो काढून मालकाला ॲपवरूनच पाठवा.