डोक्याला मार लागल्यानंतर पाण्यातला व्यायाम कसा सुरू करायचा

डोक्याला मार लागून पेशंट घरी आलाय, आधार घेऊन चालतोय पण सारखा तोल जातो, अशा वेळी पाण्यातला व्यायाम खरंच उपयोगी पडू शकतो. छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचं निम्म्याहून जास्त वजन पाणीच पेलतं आणि तोल गेला तरी माणूस धाडकन पडत नाही, हळूहळू कलतो, म्हणजे सावरायला मेंदूला वेळ मिळतो, जो जमिनीवर मिळतच नाही.

पण आधी डॉक्टरांना विचारा. फिट्स अजून कंट्रोलमध्ये नसतील तर पाण्यात अजिबात उतरवू नका. घशात किंवा लघवीला नळी, उघडी जखम, ताप, यातलं काही असेल तरी थांबा.

पाणी कोमट हवं, साधारण 33 ते 35 डिग्री, त्यात आखडलेले स्नायू सैल होतात. नेहमीचा स्विमिंग पूल यापेक्षा गार असतो आणि गारठ्याने हातपाय उलट जास्त ताठरतात, म्हणून फिजिओला विचारून हायड्रोथेरपीचा, म्हणजे पाण्यातल्या उपचारांसाठीचा पूल शोधा. गर्दीची वेळ टाळा, आवाज आणि गोंगाटाने अशा पेशंटचं डोकं पटकन थकतं.

उतरताना रॅम्प किंवा कठड्याच्या पायऱ्या. फिजिओ पाण्यात, कमजोर बाजूला, हात पोचेल इतक्या जवळ, आणि अजून एक जण काठावर, पेशंटला पोहता येत असलं तरी हे सोडायचं नाही. सुरुवातीला नुसतं कठडा धरून उभं राहणं आणि पाण्यावर फुंकर मारणं, इंग्लंडमध्ये जेम्स मॅकमिलन यांनी सुरू केलेल्या, पाण्यात पोहणं आणि व्यायाम शिकवायच्या हॅलिविक पद्धतीतही पाण्याची सवय आणि श्वासावर ताबा हेच आधी येतं. ते जमलं की बाजूला पावलं, मग पुढे, मग मागे. पुढे फिजिओ आजूबाजूला पाणी ढवळतात आणि पेशंटने जागेवर स्थिर राहायचं, तोलासाठी मला हा सगळ्यात भारी व्यायाम वाटतो. सूचना एका वेळी एकच द्या, चार जणांनी चार बाजूंनी ओरडू नका प्लीज.

पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. बाहेर येताना जास्त जपा कारण अंग एकदम जड लागतं, बीपी उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून खुर्ची आणि टॉवेल काठालाच तयार ठेवा, बसवा, पाणी प्यायला द्या. दुसऱ्या दिवशीही थकवा किंवा डोकेदुखी राहिली तर फिजिओला सांगा आणि पुढच्या वेळी वेळ कमी करा.