मुलांकडे परदेशी दीर्घ मुक्कामाला जाताना व्हिसा कसा निवडावा

मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी सहा-आठ महिने राहायचे ठरले की दादर-मुलुंडच्या घरांतून पहिला प्रश्न येतो तो 'व्हिसा किती वर्षांचा मिळतो?' हा. खरे तर आधी विचारायला हवे ते हे, की एका फेरीत सलग किती दिवस राहता येते. व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा १० वर्षांचा असला, तरी त्या फेरीत किती राहायचे हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. बहुधा ती सहा महिन्यांची असते. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा २, ५ वा १० वर्षांचा घेतला, तरी एका भेटीत सहा महिन्यांपेक्षा अधिक राहता येत नाही.

शेंगेन देशांचा, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या जर्मनीसारख्या युरोपीय देशांचा, हिशेब आणखी काटेकोर आहे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, तेही सर्व शेंगेन देश मिळून, आणि येण्या-जाण्याचे दिवस त्यातच धरून. लीप वर्ष नसताना १ जानेवारीला उतरलेल्या माणसाचे ९० दिवस ३१ मार्चला संपतात आणि त्याला पुन्हा पाऊल ठेवता येते ते ३० जूनला. म्हणून जर्मनीतल्या मुलाकडे वर्षभर राहायचे असेल, तर शेंगेन व्हिसाचे तुकडे जोडत बसू नये. त्या देशाच्या दीर्घ मुक्कामाच्या, म्हणजे 'डी' प्रकारच्या राष्ट्रीय व्हिसासाठी आपण पात्र ठरतो का, हे आधी पाहावे.

आईवडिलांसाठी स्वतंत्र सोय केलेले देश थोडे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ८७० क्रमांकाच्या व्हिसावर ३ किंवा ५ वर्षे राहता येते, मात्र आधी मुलाला प्रायोजक म्हणून मंजुरी मिळवावी लागते. कॅनडाच्या सुपर व्हिसावर २०२२ पासून एका प्रवेशावर ५ वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलाचे ठरावीक उत्पन्न, निमंत्रणपत्र, वैद्यकीय तपासणी आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी विमा घेताना आधीपासूनच्या आजारांविषयीचे कलम स्वतः वाचावे, एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. मुक्काम सहा महिन्यांच्या आतच आटोपणार असेल, तर माझ्या मते या खटाटोपात पडू नये; साधा पर्यटक व्हिसा पुरतो.

अर्ज अडतो तो पुष्कळदा नात्याच्या पुराव्यावर. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे त्या अपत्याच्या जन्मदाखल्यावर कधीकधी आईचे माहेरचे नाव असते आणि आईच्या पासपोर्टवर सासरचे. काही घरांत तर लग्नात पाळण्यातले नावही बदललेले असते. एका परिचित काकूंच्या बाबतीत दाखल्यावर 'सुमन' होते, पासपोर्टवर 'सुनीता', आणि या दोघी एकच, हे सांगणारा एकही कागद घरात नव्हता. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातील नावबदलाची नोंद किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी काय चालेल, हे त्या देशाच्या कागदपत्रांच्या यादीत पाहून ते अर्जापूर्वीच हाताशी ठेवावे. जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा बाळाचे नावच नसते, तीही दुरुस्ती महापालिकेच्या ज्या विभागात जन्माची नोंद झाली तिथे आधी करून घ्यावी.

पासपोर्टची मुदतही याच वेळी तपासावी. कॅनडाचा व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही, त्यामुळे पासपोर्टची मुदत वर्षभराच्या आत संपणार असेल, तर लोअर परळ, अंधेरी किंवा मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रात आधी नूतनीकरण करावे आणि मगच व्हिसाचा अर्ज भरावा.