उन्हाळी हँगिंग बास्केट : या चुका टाळा

मार्चमध्ये नर्सरीत गच्च फुललेल्या पिटुनियाच्या बास्केट दिसतात आणि लोक मोहात पडतात. पिटुनिया आपल्याकडे थंडीचं झाड. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं आणि फेब्रुवारीपर्यंत फुलं घ्यायची. उन्हाळ्यात लोंबती फुलं हवीत तर ऑफिस टाइम, म्हणजे चिनी गुलाब लावा.

सगळ्यात जास्त बास्केट जातात त्या पाण्यावरून, आणि त्याही पाणी घालणाऱ्यांच्याच घरी. चार दिवस घर बंद असतं. परत आल्यावर तांब्याभर पाणी ओतलं, खालून लगेच धार लागली, म्हणजे झाड प्यायलं असं धरून चालतात. पानं मात्र मलूलच. शेवटी उपटून बघावं तर वरचं बोटभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चुरा) ओलं आणि आत मुळांचा गोळा भुशासारखा कोरडा. खडखडीत वाळलेलं कोकोपीट आकसतं, कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. अशा वेळी वरून ओतत बसू नका. बास्केट काठापर्यंत बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत 20-30 मिनिटं ठेवा, मग सावलीत निथळू द्या. पुढे रोज तळाला हात लावून वजन बघा. हलकी लागली तरच पाणी. माती वरून बघून काही कळत नाही.

ऑफिस टाइमची पानं मांसल, त्यांत पाणी साठलेलं असतं. म्हणून बुडाला बसवलेली प्लास्टिकची ताटली काढूनच टाका. तिच्यात पाणी तुंबलं की देठ तळाकडून काळे, मऊ पडतात, आणि ते झाड परत उभं राहत नाही. वरची निरोगी टोकं तेवढी खोचून घ्यावीत.

दुसरी चूक शेंडे न खुडण्याची. फूल आलेला शेंडा मोडवत नाही, मग चार लांब दोऱ्या खाली लोंबतात आणि मध्ये टक्कल. 10 इंची बास्केटमध्ये 3-4 इंचांची 8-10 कटिंग (फांदीचे कापलेले तुकडे) लावा, खालची पानं काढून इंचभर खोल, आणि मधोमधही लावा. रुजून वाढायला लागली की सगळे शेंडे खुडा आणि रिकाम्या जागी तेच खोचा. दोन-तीन आठवडे फुलं कमी येतील. तेवढा धीर नसेल तर भरगच्च बास्केट होणार नाही.

नुसती बागेची माती भरू नका, दगडासारखी बसते. थेट ऊन 5-6 तास हवंच, नाहीतर कळ्या उमलत नाहीत. 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांनी, तेही ओल्या मातीत. युरिया नको, नुसता पाला वाढतो. पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी कापसासारखी कीड, दिसला तर ती फांदी कापून घराबाहेर टाका.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाआधी बास्केट छपराखाली घ्या आणि प्रत्येक रंगाची चार कटिंग छोट्या कुंडीत वेगळी लावून ठेवा.