पावसात रेसट्रॅकवर गाडी चालवताना: आधी कोरडी लाइन विसरा

पावसात ट्रॅकवर जायचं म्हटलं की गाडीवेड्या मित्रांचा सल्ला ठरलेला असतो: ‘सावकाश जा, हलक्या हातानं चालव.’ सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तेवढ्यावर विसंबणारा माणूस ट्रॅकच्या सर्वांत निसरड्या पट्ट्यावरूनच सावकाश फिरत राहतो, आणि सावकाश जाऊनही गाडी का घसरली हे त्याला कळत नाही. पावसात आधी बदलायची असते ती वाट, म्हणजे ट्रॅकवर गाडी नेण्याची ठरलेली ‘लाइन’. वेगाचा विचार त्यानंतर.

गोव्यात कायमचा रेसट्रॅक नाही. फोंडा-म्हापशाकडची मंडळी हुबळी-बंगळुरूमार्गे कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला जातात किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला. पहिला ट्रॅक साधारण 2.1 किलोमीटरचा, दुसरा 3.7 किलोमीटरचा. तिकडच्या पावसाचं वेळापत्रक आपल्यापेक्षा वेगळं आहे. आपल्याकडे मिरग जूनमध्ये लागतो आणि दसऱ्याच्या सुमारास छत्र्या माळ्यावर जातात. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये पणजीत लख्ख ऊन असलं तरी ओल्या ट्रॅकची तयारी करूनच निघा.

सरावासाठी चोर्ला किंवा अनमोड घाटात जाऊ नका. पावसाळ्यात तिथे धुकं असतं, वळणावर गुरं बसलेली असतात, समोरून ट्रक येतो आणि चुकीला मोकळी जागा मिळत नाही. सार्वजनिक रस्त्यावर ओल्यात पकड शोधणाऱ्याला मी माझ्या गाडीत बसवत नाही आणि त्याच्या गाडीत बसत नाही. ट्रॅकवर निदान मार्शल (झेंडे दाखवणारे, मदतीला धावणारे कर्मचारी) असतात, रन-ऑफ (घसरलेल्या गाडीसाठी कडेला सोडलेली मोकळी जागा) असतो. मात्र नेहमीच्या विमा पॉलिसीत रेसिंग आणि वेगचाचणी वगळलेली असते, तेव्हा ट्रॅकवरचं नुकसान आपल्याच खिशातून भरायचं आहे हे धरून चाला.

ऑइल, ब्रेक फ्लुइड, हेल्मेट, टो हुक हे तुम्ही बघणारच. पावसासाठी वेगळं काय, तर टायर. कायदा 1.6 मिलिमीटर खोल नक्षीवर समाधानी असतो, मी नाही. 4 मिलिमीटरच्या खाली असेल तर ओल्या सेशनला गाडी बाहेर काढू नका. सेमी-स्लिक (जवळजवळ बिननक्षीचे, ट्रॅकसाठीचे) टायर कोरड्यात कितीही चिकटत असले तरी साचलेल्या पाण्यावर ते धोकादायक आहेत. कोरड्यात टायर तापून हवेचा दाब वाढतो, म्हणून आपण सुरुवातीला हवा कमी ठेवतो. पावसात टायर तेवढे तापत नाहीत, तेव्हा ती सवय सोडा आणि दाराच्या चौकटीवर कंपनीनं दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करा.

काचेवर वाफ धरू नये म्हणून एसी चालू ठेवा. बुटाचे तळवे पुसून मगच पेडलवर पाय ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी या गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणा चालूच राहू द्या; ‘बंद केल्याशिवाय गाडी कळत नाही’ म्हणणाऱ्यांचं ओल्यात ऐकू नका. गाडीत वेट मोड असेल तर तोच निवडा.

आता ज्या टप्प्याला मला सर्वांत जास्त वेळ लागला त्याकडे येतो.

कोरड्यात सगळ्या गाड्या एकाच लाइनवरून जातात. त्या पट्ट्यात टायरचं रबर डांबराच्या बारीक खाचांत भरतं, खडी घासून गुळगुळीत होते आणि गाड्यांचं तेल त्यावर सांडतं. कोरड्यात हेच रबर पकड देतं. पाऊस पडला की तोच पट्टा शेवाळ धरलेल्या चिऱ्याच्या पायरीसारखा होतो. बाजूचं डांबर मात्र खरखरीत राहिलेलं असतं. त्याच्या खाचांत पाणी उतरतं आणि खडीची टोकं टायरला भिडतात. कोरड्यात त्या भागात पडलेला रबराचा चुराही पावसानं बराचसा धुऊन जातो.

म्हणून ब्रेक मारताना नेहमीच्या लाइनपासून एक गाडीभर आत, ट्रॅकच्या मध्याकडे सरका. स्टिअरिंग सरळ असताना ब्रेक पूर्ण करा. वळताना नेहमीच्या एपेक्सला, म्हणजे वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूला, चिकटू नका; रबराच्या पट्ट्याबाहेरून मोठी कमान घ्या, गाडी तिथेच वळवून घ्या आणि मग स्टिअरिंग सरळ करत बाहेर पडा. वाटेत काळा पट्टा ओलांडावाच लागतो. तो तिरका, लांबवर ओलांडू नका. जमेल तितका आडवा छेदा, स्टिअरिंग जवळजवळ सरळ ठेवा आणि पेडलवरचा पाय हलवू नका. तेवढ्या क्षणात थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडला तरी वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी मागून फिरते. 2016 च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये फॉर्म्युला वन चालक मॅक्स वर्स्टापेन इतरांच्या लाइनबाहेरून ओव्हरटेक करत बराच मागून तिसऱ्या क्रमांकावर आला. ती शर्यत बघा, पण त्याची गाडी न बघता फक्त त्याची चाकं डांबराच्या कुठल्या भागावर आहेत ते बघा.

ही लाइन कागदावर आखून मिळत नाही. ‘पावसात नेहमी बाहेरून जा’ हा सल्लाही तितकाच वाईट. एखाद्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी साचतं, कुठे नव्यानं डांबर घातलेलं असतं, आणि नुसती भुरभुर असेल तर जुनी लाइनच चांगली असू शकते. प्रत्येक वळण वेगळं तपासावं लागतं. पहिल्या लॅप्स (ट्रॅकच्या फेऱ्या) त्यासाठीच ठेवा. मागे गाडी नाही याची खात्री करून, कमी वेगात, सरळ भागात एकदा रबरावर आणि एकदा बाजूला ब्रेक हलकेच दाबा. एबीएस कुठे लवकर थरथरतो ते लक्षात ठेवा. वळणात स्टिअरिंगचं वजन हाताला जाणवू द्या: हाताला जड लागतंय तोवर पुढच्या चाकांना पकड आहे, अचानक हलकं झालं की ती गेली. डोळ्यांनीही कळतं. चकचकीत काळं दिसतं तिथून दूर राहा, मळकट करडं दिसतं तिथे जा. आणि कान उघडे ठेवा, त्यासाठी संगीत बंद. टायरखालच्या पाण्याचा आवाज बदलला की पाण्याचा थर बदललेला असतो. पोर्शनं 2019 पासूनच्या 911 या गाडीत पुढच्या चाकांच्या कमानीत हाच आवाज ऐकणारे सेन्सर बसवले आहेत.

केर्ब (वळणाच्या कडेचे रंगीत उंचवटे) आणि रंगवलेल्या पांढऱ्या रेषा पूर्ण वर्ज्य. रंगाला खाचा नसतात. कोरड्यात केर्बवर चढायची सवय लागलेल्यांना हे सर्वांत जड जातं, पण इथे सवलत नाही.

वेग किती ठेवायचा? ढोबळ हिशोब सांगतो. चांगल्या कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा, 0.9 धरला तर ताशी 100 किलोमीटरवरून थांबायला साधारण 44 मीटर लागतात. ओल्यात तो 0.5 झाला तर 79 मीटर. वळणातला वेग मात्र घर्षणाच्या वर्गमुळानं बदलतो, म्हणून कोरड्यात 100 नं घेतलेलं वळण त्या ओल्या घर्षणात सुमारे 75 नं जातं. थोडक्यात, ब्रेकिंग पॉइंट वाटतो त्यापेक्षा फार आधी आणायचा असतो, वळणातला वेग त्या मानानं कमी घटतो. ऑल-व्हील ड्राइव्हवाल्यांनी हे दोनदा वाचावं. ती यंत्रणा वेग घ्यायला मदत करते, थांबायला नाही.

साचलेल्या पाण्याचा प्रश्न निराळा. नासानं विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून आलेल्या सूत्रानुसार 32 पीएसआय दाबाला टायर साधारण ताशी 94 किलोमीटरला पाण्यावर तरंगू लागतो. झिजलेल्या रुंद टायरला तेवढीही वाट बघावी लागत नाही. गाडी तरंगली तर ब्रेक नको, स्टिअरिंग सरळ, थ्रॉटल हळू सोडा. चाकं वळवून ठेवलीत तर पकड परत येताच गाडी त्या दिशेला झेपावेल. आणि फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून ठेवा.

वळणातून बाहेर पडताना एक गिअर वरचा घ्या आणि थ्रॉटल स्टिअरिंग सरळ होईल तसा उघडा. मार्शलनं पिवळ्यावर लाल उभ्या पट्ट्यांचा झेंडा दाखवला तर पुढे ट्रॅक निसरडा आहे. लाल दिसला तर हळू होऊन पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत) या.

ट्रॅक वाळू लागला की गाड्या जातात तो पट्टा आधी सुकतो. तिथे हळूहळू जुन्या लाइनकडे परता, पण ओव्हरटेक करताना बाजूचा भाग अजून ओलाच आहे हे विसरू नका. शेवटची लॅप ब्रेक न तापवता काढा. पिटमध्ये हँडब्रेक लावू नका, गाडी गिअरमध्ये उभी करा. चाकांच्या खाचांत अडकलेली खडी काढा, ब्रेक पॅड बघा, आणि बंगळुरूचा रस्ता धरण्यापूर्वी टायरमधली हवा पुन्हा मोजा.